प्रेझेंट सर

आमच्या इंग्रजीच्या सरायचा आवाज काढाचा असन तं पहिले हनुवटी गळ्यात घालाची. मंग डोळे मिटाचे. मंग नाकातून जरासा वारा सोडून हळूच म्हणाचं, "प्रेझेंट?" शेवटी सूर वर न्याचा, पर जोर लावाचा नाई. जोर लावला का तो दुसराच कोनता तरी मास्तर वाटते.

हा आवाज मी लग्नात काढला, गणपतीत काढला, नागपूरच्या हॉस्टेलात तं रोज काढला. लोकं पोट धरून हासतात. फक्त आमच्या गावचा एखादा त्यायच्यात असला तं तो हासता हासता मान वळवून एकदा मागं पाहून घेते. मी बी पाहून घेतो.

आमचं गाव चंद्रपूर जिल्ह्यातल्या सावलीच्या तिकडचं, धानाच्या पट्ट्यातलं. तीन बाजूनं धानाच्या बांध्या, चौथ्या बाजूनं जंगल. डांबरी रोडवर फाटा होता, तिथून गावापर्यंत तीन किलोमीटर, ते पुरे जंगलातून. सर मूळचे चंद्रपूरचे. तिथी त्यायच्या घरचं घड्याळ दुरुस्तीचं दुकान, आजोबापासून चालत आलेलं. सर राहत तालुक्याले, फाट्यापर्यंत येष्टीनं येत, आन फाट्यावरच्या चहाच्या टपरीत ठेवलेली सायकल काढून पुढचं जंगल पार करत. जंगलाले ते लय भेत. आमाले लपवत बी नव्हते.

"वाघ दिसत नाई म्हंजे नाई, असं नाई ना बेटा," ते म्हणत. "हवेत ऑक्सिजन दिसते काय? पर प्रेझेंट हाये का नाई?"

म्हणून तीनही किलोमीटर ते सायकलची घंटी वाजवत आन वरतून मोठ्यानं ओरडत येत. "आय ॲम प्रेझेंट! यू आर प्रेझेंट! वुई आर प्रेझेंट!" ही इज पाशी येऊन मात्र ते चूप होत. तो 'ही' कोन, हे त्यायले बी माहीत होतं आन आमाले बी. सरपण आणाले गेलेल्या बाया तो आवाज आयकून एकमेकीले म्हणत, "चाल वं माय, मास्तर आला, दहा वाजले."

मारत ते कवाच नव्हते. आठवीत गेलो तवा मले वाटलं, वा, मजा हाये. दुसरे सर मारत, पाच मिनिटात मोकळं होये, हात चोळत बसलं का झालं. या सरायची भीती निराळी होती. तुमी फळ्याकडं पाहून राह्यले, पेन हातात हाये, मान बी हालवून राह्यले, आन सर बोलता बोलता वर्गातून फिरत तुमच्या मागं येऊन थांबत. त्यायच्या चपलेचा आवाज येये नाई. कानाशी खोबरेल तेलाचा वास ये आन मंग आवाज, "कुठी हायेस?"

खोटं सांगून पाहा. सांगताच येये नाई. कसं काय माहीत, पर तोंडातून खरं तेच निघे.

"बाजारात हावो, सर."

"बाजारात काय करून राह्यला?"

"गुपचुप खाऊन राह्यलो, सर."

"खा. खाऊन ये मंग. थांबतो मी."

आन ते खरंच थांबत. शिकवणं बंद. पुरा वर्ग गपचूप. ऐंशी डोळे त्या पोट्ट्यावर. तो बिचारा मनातल्या मनात पाणीपुरीच्या ठेल्यावरून निघे, एवढा रस्ता तुडवे, घामाघूम होऊन म्हणे, "आलो, सर. प्रेझेंट." कोनी लवकर आला तं सर म्हणत, "येवढ्या लवकर? बाजारातून? पळत आला काय?" आन अजून थांबत. एक पोट्टी एकदा तिच्या मेलेल्या आजीजवळ गेली होती. तिच्यासाठी सर घंटी होईपर्यंत थांबले, आन घंटी झाल्यावर बी कोनाले उठू देल्लं नाई.

शब्द तं त्यायले इंग्रजीतले सगळे येत असतीन. पर जीव एकाच शब्दात होता. धडा कोनता बी असो, 'प्रेझेंट' निघाला का पुस्तक पालथं पडे.

"हे विशेषण हाये," सर सांगत. "याच्या दोन जागा. नामाच्या पुढ्यात उभं राह्यलं तं आत्ताचा, सध्याचा. द प्रेझेंट हेडमास्टर. मागच्या वर्षीचे नाई, पुढच्या वर्षीचे नाई, आत्ताचे. आन वाक्याच्या शेवटी जाऊन बसलं तं इथी हाये, समोर हाये. द हेडमास्टर इज प्रेझेंट. जागा बदलली का काम बदललं. आता हे पाहा." त्यायनं फळ्यावर लिहिलं, द प्रेझेंट हेडमास्टर इज नॉट प्रेझेंट. "सांगा, खरं का खोटं?"

हेडमास्तर तवा दारातच उभे होते. तोंडात तंबाखू-सुपारीचा खर्रा, हात मागं बांधलेले.

पहिल्या बेंचावरचा पोट्टा चाचरत म्हणाला, "खोटं, सर. ते तुमच्या मागंच हायेत."

सरायनं मागं न पाहता म्हणलं, "सरीरानं."

हेडमास्तरायचं तोंड खर्र्यानं भरलेलं. बोलाचं म्हणलं तं पहिले थुंकाले जा लागे. ते थुंकाले गेले ते परत आलेच नाई.

एकानं विचारलं, "सर, बड्डेले प्रेझेंट देतात ते?" सरायनं त्याच्याकडं असं पाह्यलं जसं त्यानं चप्पल घालून देवळात पाय ठेवला. "ते नाम हाये. त्याले बाहेर ठेव." विज्ञानाच्या सरायनं वर्गात 'वॉटर इज प्रेझेंट इन ऑल फ्रूट्स' म्हणलं, तं हे सुट्टीत त्यायचा हात हातात घेऊन अभिनंदन कराले गेले. ईदच्या दुसऱ्या दिवशी सायकलले लटकवून शिरखुर्म्याची बरणी आणत. ती उघडाच्या आधी हजेरी. ज्यानं 'यस सर' म्हणलं त्याचा नंबर शेवटी. "यस म्हंजे हो. कशाले हो? मी काय इचारलं तुले?"

गावालेबी त्यायनं सोडलं नाई. ग्रामसभेत दहा-अकरा लोकं येत, आन बाकीच्यायच्या सह्या शिपाई दुसऱ्या दिवशी घरोघरी जाऊन घेऊन ये. सगळ्या गावाचं असंच चाले, कोनाले त्यात काई वाईट वाटे नाई. एकदा ते रजिस्टर शाळेत आलं. सरपंचानं निरोप धाडला होता, मास्तरायची बी सही घ्या. सर म्हणाले, "त्या टायमाले मी सायकलवर होतो. सायकलवर प्रेझेंट होतो. सभेत नाई." शिपाई म्हणाला, "सर, एका सहीनं कोनाचं काय जाते?" सर म्हणाले, "ज्याचं जाईन त्याले इचारजो." शिपाई घाबरून निघून गेला. आमी हासलो होतो.

हजेरी घेताना सर डोळे मिटत. एक बोट रजिस्टरवर, डोळे बंद. नावं त्यायले पाठ होती. म्हणत, "चेहरा तं कोनी बी सकाळी धुवून आणते. मानूस आवाजात राह्यते."

आन इथीच माहं फावलं.

मले लहानपनापासून आवाज काढता येत. कावळा, बकरी, येष्टीचा कंडक्टर, हेडमास्तर खर्र्यासकट. आठवीतल्या एक्केचाळीस पोट्टे-पोट्ट्यायपैकी मले सगळ्यायचे आवाज येत, पोरींचे बी. तं मी धंदा काढला. ज्याले शाळेत याचं नाई त्यानं मले आदल्या दिवशी सांगाचं. एका हजेरीले एक खिसा टेंभरं. टेंभरं म्हंजे तेंदूची फळं, पिकली का गोड लागतात, आन उन्हाळा लागला का आमच्याकडं दुसरं काय राह्यते? मी शेवटच्या बेंचावरून मान खाली घालून जिकडचा आवाज पायजे तिकडं तोंड करून म्हणो, "प्रेझेंट, सर." सरायचं बोट थांबे, पेन प्रेझेंटचा पी काढे, पुढं जाये. वर्गात कोनी हासे नाई. हासलं तं पुढच्या वेळेले त्याचा आवाज कोन काढन?

सगळ्यात कठीण आवाज सुक्याचा होता. सुखदेव, रोल नंबर सतरा. माहा दोस्त. त्याचा आवाज फाटका, गळ्यात वाळू अडकल्यावानी. तो जमाले मले दोन महिने लागले, म्हणून तो काढताना मले जास्तच मजा ये.

होळी झाली का शाळा सकाळची होये. आन तेच दिवस मोहाचे. मोहाची फुलं पहाटं पडतात, ऊन चढाच्या आत येचा लागतात. झाड जंगलात असलं तरी कोनाचं ते ठरलेलं राह्यते. ज्याच्या आजोबानं येचलं त्याच्याच नातवानं येचाचं. येचताना मानूस वाकते, आन वाकलेला मानूस वाघाले जनावर वाटते, असं आमच्याकडं सांगतात. म्हणून मोहं येचणारे सारखे एकमेकायले हाका देत राह्यतात. हाकेले हाक आली का समजाचं, हाये.

सुक्याच्या घरचं झाड नाल्यापल्याड होतं, सगळ्यायपासून दूर. त्या वर्षी नाल्याच्या रेतीत वाघाचे पंजे दिसले, तं त्याच्या बापानं सांगून टाकलं, यंदा आपलं झाड राहू द्या. सुक्याले बॅट घ्याची होती. तो मले म्हणाला, "मी उद्या एकटाच जातो बे. घरून दप्तर घेऊन निघतो. तू माही हजेरी लाव."

"वाघानं खाल्लं तं?"

"मंग परवाची बी लाव," तो म्हणाला. आमी दोघंबी लय हासलो.

दुसऱ्या दिवशी सरायनं डोळे मिटले, म्हणाले, "सतरा, सुखदेव." मी गळ्यात वाळू घेतली. "प्रेझेंट, सर." पी.

नऊच्या सुट्टीत गावातून कालवा आला. मोहं येचाले गेलेल्या बाया टोपल्या टाकून पळत आल्या होत्या. वाघ त्यायच्या समोरून गेला होता, दहा पावलावरून, नाल्याकडं. बोरिंगजवळ लोकायनं मोजणी केली. गेले होते तेवढे सगळे परत आले होते. तेवढ्यात एक म्हातारी म्हणाली, "पर नाल्याकून एक हाक आली होती. पोराची वाटे. एकच आली. मंग नाई आली."

झालं. ज्याच्या त्याच्या बापाले आपलं पोरगं आठवलं. पाच-सात जनं शाळेच्या व्हरांड्यात येऊन उभे राह्यले. पोट्टे सुट्टीचे इकडंतिकडं पांगलेले. सर रजिस्टर घेऊन बाहेर आले. एकजन वर्गात डोकावाले गेला तं सरायनं त्याले अडवलं. "डोकावाचं काम नाई, भाऊ. नाव सांगा."

"माही पोट्टी, वंदना."

"प्रेझेंट."

"माहा अनिल?"

"प्रेझेंट."

मंग सुक्याचा बाप. उघडा, खांद्यावर दुपट्टा, छाती भात्यावानी खालीवर होऊन राह्यली. "सुखदेव, जी."

सरायचं बोट खाली आलं. "सतरा. प्रेझेंट."

"पक्कं ना, जी?"

सरायले ते लागलं. म्हणाले, "भाऊ, मी माह्या कानानं आयकला त्याचा आवाज."

"मंग झालं," बाप म्हणाला, आन एकदम हासला. रांजणातलं गिलासभर पाणी प्याला, दुसरा गिलास डोस्क्यावर ओतून घेतला. दुसऱ्यायले म्हणाला, "चला रे. वांदर असन. बुढीले काय आयकू येते." सगळे हासत हासत गेले.

मी निंबाखाली उभा होतो. तोंडात टेंभराची बी होती, ते मी गिळून टाकली. माहे पाय गेटाकडं निघाले आन चार पावलावर थांबले. मी सांगणार होतो, खरंच सांगणार होतो. पर मले वाटलं, सुक्या आता येईनच, कुंपणावरून उडी मारून येईन आन म्हणन, काय बे, कसा चेहरा करून उभा हायेस? मी कुंपणाकडं पाहत राह्यलो. घंटी झाली. सगळे आत गेले, मी बी गेलो. जितका वेळ जाये तितकं सांगणं कठीण होये. पहिले सांगतलं असतं तं फक्त मार होता. आता त्याच्यात तो हासलेला बाप बी आला होता.

सर कायतरी शिकवून राह्यले होते. मी फळ्याकडं पाहून राह्यलो होतो, पेन हातात, मान हालवून राह्यलो. खोबरेल तेलाचा वास आला.

"कुठी हायेस?"

"नाल्यापल्याड, सर."

"तिथी काय करून राह्यला? ये. थांबतो मी."

"येता येत नाई, सर." मले माहा आवाज आयकू येऊन राह्यला होता, पर तो मी काढत नव्हतो. "सुक्या तिथीच हाये."

सर टेबलापाशी गेले. रजिस्टर उघडून सतराव्या नावाकडं पाह्यलं. मले वाटलं आता मारतीन. मारलं असतं तं बरं झालं असतं.

"झाड माहीत हाये तुले?"

"हो, सर."

अनिलले त्यायनं सांगतलं, "पळ. सुखदेवच्या बापाले सांग, मास्तर खोटं बोलला. पोरगं जंगलात हाये. लोकं घेऊन या म्हणा, डबे वाजवत." आन मले म्हणाले, "चाल." लोकं जमेपर्यंत थांबू, असं ते म्हणतीन असं मले वाटलं होतं. ते थांबले नाई. छातीशी रजिस्टर धरलं आन निघाले. रजिस्टर काऊन घेतलं, कोनास ठाऊक.

जंगलात सर चूप चालून राह्यले होते. सायकल नव्हती, घंटी नव्हती, आय ॲम प्रेझेंट नव्हतं. पाचोळा येवढा वाळला होता का पाय टेकला का पापड मोडल्यावानी आवाज होये, आन आमी थांबलो का ते बी बंद. मोहाचा वास येऊन राह्यला होता, गोड, डोस्क्यात जाणारा. नाला कोरडा. रेतीत एक पंजा होता, माह्या पुऱ्या हातायेवढा. त्याच्या कडा अजून ढासळल्या नव्हत्या. सरायनं तो पाह्यला, मी पाह्यला, दोघायनंबी एकमेकायले सांगतलं नाई.

नाल्यापल्याड सुक्याची टोपली पालथी पडलेली दिसली. फुलं सांडलेली. दप्तर एका दगडावर नीट ठेवलेलं. सुक्या नाई. पलीकडं मोहाची पाच-सहा झाडं होती, सारखीच मोठी, आन नव्या पालवीनं वर काईच दिसत नव्हतं.

"सुखदेव," सर म्हणाले. हाक मारली म्हणता येत नाई. उचकी आल्यावानी आवाज निघाला. दुसऱ्यांदा बी तसंच झालं. मंग त्यायनं रजिस्टर उघडलं, बोट ठेवलं, आन वर्गात घेतात तशी, त्याच सुरात, हजेरी सुरू केली.

"एक, अनिल."

थांबले. पाचोळ्यात काई हाललं नाई.

"दोन, अरुण."

मले वाटलं सरायचं डोस्कं गेलं. पर आवाज त्यायचा नीट येऊन राह्यला होता, ते काम त्यायच्या गळ्याले येत होतं. नववं नाव माहं होतं. सर थांबले. मी त्यायच्या बाजूलेच उभा होतो. "प्रेझेंट, सर," मी म्हणलं. माहा स्वतःचा आवाज मले लय पातळ वाटला.

"सतरा, सुखदेव."

"प्रेझेंट, सर."

फाटका आवाज. गळ्यात वाळू.

सर वळले आन त्यायनं माह्या थोबाडीत देल्ली. पुऱ्या जन्मात त्यायनं कोनाले मारलेली तेवढीच असन. "आता बी? आता बी, नालायका?"

"मी नाई, सर! आईची शप्पथ, मी नाई!"

त्यायले खरं वाटलं नाई. कसं वाटन? त्यायनं एका हातानं माहं तोंड गच्च दाबून धरलं. त्यायचा तळहात थंड होता, खडूचा वास येऊन राह्यला होता. तोंड दाबून धरूनच ते म्हणाले, "सतरा. सुखदेव."

वरतून आवाज आला. "प्रेझेंट, सर."

सरायनं वर पाह्यलं. तिसऱ्या झाडावर, दोन फांद्यायच्या मधात, सुक्या होता. शाळेचा शर्ट काढून त्यानं स्वतःले खोडाशी बांधून घेतलं होतं.

"सर," तो वरतूनच म्हणाला, "तो गेला नाई. इथीच हाये."

"कुठी?"

सुक्यानं बोट दाखवलं. आमच्या डाव्या बाजूले बांबूची रांजी होती, मोठं बेट, दाट, आत अंधार. दिसत काईच नव्हतं. पर तिथला पाचोळा वाजला. एकदाच. जड काईतरी पाय बदलते तसा.

सरायनं माह्या तोंडावरचा हात काढला. माह्याकडं न पाहता, बांबूकडं पाहत, हळूच म्हणाले, "सगळ्यायचे आवाज येतात ना तुले?"

"हो, सर."

"म्हण मंग. एकाचा बी सोडू नको. मोठ्यानं."

आन त्यायनं पुन्हा एकपासून सुरू केलं. "एक, अनिल!" मी अनिल झालो. "दोन, अरुण!" मी अरुण झालो. पोट्ट्यायचे जाडे आवाज, पोरींचे बारीक, एक इकडं तोंड करून, एक तिकडं. सुक्या वरतून मिसळे. वंदना, विठ्ठल, यशोदा. ज्यायले शाळेत याचं नव्हतं त्यायचे आवाज मी आजपर्यंत टेंभरासाठी काढले होते, आता पुरा वर्ग त्या जंगलात उभा करून राह्यलो होतो, आन माही चड्डी ओली झाली होती. एक्केचाळीस संपले का सर पुन्हा एकवर येत. दर नावाले ते तसेच थांबत, आवाज आला का बोट खाली सरकवत. सभेत नव्हतो म्हणून ज्यायनं ग्रामसभेची सही नाई केली ते हेच सर. तिसरी हजेरी चालू असताना नाल्याकून डबे वाजाले लागले, लोकायचा आरडाओरडा आयकू आला. बांबूत पाचोळा पुन्हा वाजला, यावेळेस दूर दूर जात.

सुक्या खाली उतरला तं त्याले उभं राहता येत नव्हतं. सरायनं इचारलं, "पहिल्या हाकेले काऊन बोलला नाई?"

"आवाजच निघून नाई राह्यला होता, सर. पर हजेरी आली तं आपसुक निघाला."

बापानं येऊन पहिले त्याचे हात चाचपले, पाय चाचपले, डोस्कं चाचपलं. मंग दोन ठेवून देल्ल्या. मंग पोटाशी धरला तं सोडेच नाई. सर बाजूले उभे होते, रजिस्टर छातीशी. बऱ्याच वेळानं बापानं त्यायच्याकडं पाह्यलं. रागानं नाई पाह्यलं. मी वाट पाहून राह्यलो होतो का तो शिव्या देईन, मले का त्यायले.

"जी, तुमी कानानं आयकलं म्हणलं होतं."

"हो," सर म्हणाले.

"मी पाणी पेलो तिथी. हासलो."

मी सांगाले तोंड उघडलं, बापू, ते मी, ते माहं काम. एक्केचाळीस आवाज काढून आलो होतो, आता एक बी निघाला नाई. सरायनंच सांगतलं, "भाऊ, रजिस्टर माहं हाये." माहं नाव त्यायनं तवा बी घेतलं नाई, पुढं बी कोनाजवळ घेतलं नाई. घरी मार पडला तो मी स्वतः सांगतलं म्हणून.

दुसऱ्या दिवशी हजेरी चालू होती. "सतरा, सुखदेव."

"प्रेझेंट, सर."

पेन वरच राह्यला. सर खिडकीकडं पाहून राह्यले होते. खिडकीबाहेर सुक्याचा बाप उभा होता, खांद्यावर दुपट्टा, दोन्ही हातानं गज धरून. तो एकेका बेंचावरून नजर फिरवत आला, सुक्यापाशी थांबला, आन बराच वेळ पाहून म्हणाला, "हाव, जी. हाये."

मंग सरायनं पी लिहिला.

परीक्षा होईपर्यंत रोज हेच चाललं. बाप शेतावर जाताना येये, पाहे, हाव, जी, हाये म्हणे आन जाये. दोघंबी दुसरं काई बोलत नव्हते. एका दिवशी तो आला नाई. सुक्या समोर बसला होता, पुरा वर्ग त्याले पाहून राह्यला होता, त्यानं प्रेझेंट म्हणलं होतं. सरायनं पेन वर धरला आन ते खिडकीकडं पाहत राह्यले. पाच मिनिटं झाली. दहा झाली. हेडमास्तर दारातून डोकावून गेले. सुक्यानं मान खाली घातली. बाहेर रिकामी खिडकी, ऊन, आन त्याच्यापल्याड जंगल.

शेवटी पळत येणाऱ्या पायाचा आवाज आला. बापाच्या पायाले चिखल होता, बैल तळ्याच्या गाळात फसला होता म्हणे. त्यानं गज धरले, धापा टाकत बेंचावरून नजर फिरवली.

"हाव, जी," तो म्हणाला. "हाये."

सरायनं पी लिहिला. बोट खाली सरकवलं.

"अठरा," ते म्हणाले.